पाण्या, आत येऊ नकोस!

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही; पण दोन समुद्रांचा पाणीपुरवठा बुलढाणा जिल्ह्याकडे आहे. घाटाखाली, मलकापूर-नांदुऱ्याच्या अंगाला पडलेला पाऊस पूर्णेतून तापीला जातो आणि तापी तो अरबी समुद्राला पोचता करते. घाटावरचा पाऊस पैनगंगा आणि खडकपूर्णा गोळा करतात, तो गोदावरीच्या ओटीत पडतो आणि थेट बंगालच्या उपसागरात जातो. असा पूर्व-पश्चिम दानधर्म आटोपून आम्ही एप्रिल-मे महिन्यात टँकरमागे हंडे घेऊन पळायला मोकळे. खारं पाणी हवंच असेल तर लोणारला आहे. उल्का पडून झालेल्या त्या विवरातलं पाणी 2020 च्या जूनमध्ये गुलाबी झालं, तेव्हा सगळ्या जगाने त्याचे फोटो पाहिले. क्षार वाढले, क्षारात सुखाने नांदणारे सूक्ष्मजीव वाढले आणि त्यांचा रंग पाण्याला आला, असं शास्त्रज्ञांनी सांगितलं. आमच्या गल्लीत मात्र पहिला प्रश्न वेगळाच होता : “पाणी वाढलं का पण?”

अशा मुलखात पाण्याशी वागायची एक रीत पडून गेलेली असते. पाणी येतंय म्हटलं की वाट मोकळी करायची. शेततळं खणा, नाला अडवा, पन्हळीचं पाणी विहिरीत सोडा, नळाला मोटर लावा. पाणी आत कसं घ्यायचं याचं शास्त्र आमच्याकडे शाळकरी पोरालाही पाठ आहे. पहिल्या पावसात छत गळलं तर घरधनी आधी खाली पातेलं ठेवतो, मग वर बघतो. आणि पातेलं भरल्यावर त्याच्या तोंडावर जे समाधान दिसतं ते छत दुरुस्त झाल्यावर दिसत नाही. पाणी बाहेर कसं ठेवायचं, हा विषय अभ्यासक्रमातच नव्हता. तो आला एका बोटीच्या झाकणामुळे.

देऊळगाव राजा तालुक्यात खडकपूर्णेवर धरण आहे. 19 दरवाज्यांचं. जलाशयाचं नाव संत चोखासागर, कारण चोखोबांचा जन्म याच तालुक्यातल्या मेहुणा राजा गावचा. या जलाशयावर मासेमारी चालते. रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडायची, वाढू द्यायची, जाळी लावायची. त्यासाठीचा तराफा म्हणजे बहुधा थर्माकोलचे ठोकळे पोत्यात शिवून त्यावर फळी बांधलेली. माणूस त्यावर मांडी घालून बसतो, हातात दोन छोट्या थापट्या घेऊन पाणी मारत जातो, आणि लांबून पाहणाऱ्याला वाटतं, कुणी महाराज जलसमाधी घ्यायला निघालेत.

पण आमच्या मामांनी बोट आणली. मामा म्हणजे गावाचे मामा. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर जगलेलं घर. गावातले तलाठ्यापासून पोस्टमनपर्यंत सगळेच त्यांचे भाचे. मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून मला ते “सर” म्हणतात आणि भाच्यांपेक्षा जास्त कामाला लावतात. त्यांनी कोकणातून वापरलेली फायबरची बोट घेतली. बावीस फुटी, नाळेकडचा भाग वरून झाकलेला, म्हणजे छोटा डेकच. आणि त्या डेकमध्ये तीन बाय अडीच फुटांचं झाकण. झाकणाखाली खण. खणात जाळी ठेवा, बर्फ ठेवा, मासळी ठेवा. थर्माकोलवर आयुष्य गेलेल्या माणसाला खण असलेली बोट मिळणं म्हणजे भाड्याच्या खोलीतून बंगल्यात जाणं.

बोट ट्रकवरून आली, समृद्धी महामार्गाने. आणि इथे घात झाला.

बोटीवरच्या अशा झाकणाच्या बिजागऱ्या नाळेच्या बाजूला असतात. त्यात विचार आहे. वारा आणि लाट समोरून येते. बिजागरी पुढे असली की येणारं पाणी झाकणाला दाबून बसवतं. बिजागरी मागे असती तर त्याच लाटेने झाकणाच्या कडेखाली बोटं घालून ते उचललं असतं. हे झाकण समुद्रात किती वर्षं टिकलं कुणास ठाऊक, पण टिकलं ते या हिशेबावर. ट्रकवाल्याने बोट चढवताना रुंद बाजू केबिनकडे केली आणि नाळ मागे. त्याच्या दृष्टीने बरोबरच; माल नीट बसला. मग ताशी 80 च्या वेगाने जो वारा लागला तो बोटीला मागून लागला. अरबी समुद्राला जे जमलं नाही ते समृद्धीने सिंदखेड राजाच्या अलीकडे करून दाखवलं. कडी तुटली, झाकण पालथं पडलं, बिजागऱ्या मुळासकट उपटल्या आणि झाकणाच्या कोपऱ्याला हातभर चीर गेली.

मामांनी ताडपत्री बांधून एक पावसाळा काढला. पाणी उतरलं, बोट काठावरच्या भेगाळ गाळात बसली, आणि मे महिन्यात दुरुस्तीचं ठरलं. दर्यावर्दी लोकही बोटी पावसाळ्याच्या बंदीतच दुरुस्त करतात. त्यांचा समुद्र जूनमध्ये खवळतो म्हणून बोट वर येते. आमचा समुद्र मेमध्ये आटतो म्हणून बोट आहे तिथेच खाली बसते. खर्च वाचतो.

आता हे काम करणार कोण? चहाच्या टपरीवर सभा भरली. गावात बोट दुरुस्त करणारा नव्हता, आणि म्हणूनच मत नसलेला माणूसही नव्हता.

ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारे वेल्डर सर्वांत आधी बोलले. “मामा, आठ एमएमचा पत्रा मारून देतो. हत्ती उभा करा.” मी तिथल्या तिथे हिशेब केला. आठ मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला जवळपास 63 किलो. तीन बाय अडीच फुटांचं झाकण म्हणजे 44 किलो. मामा म्हणाले, “हत्ती कायले उभा करू? मासे धराचे हायेत मले.” शिवाय नाळेवर 44 किलोचं ओझं ठेवलं की बोट नमस्काराच्या पवित्र्यात चालणार.

सुतार म्हणाले, सागाचं करू, चौकट-पाटी, वर मोर कोरून देतो. माणूस खरा कसबी. पण झाकण आणि चौकट यांत दोन सूत फट राहील, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. “लाकूड पावसात फुगते. फट नाई ठेवली तं दार लागत नाई.” फटीतून पाणी जाईल की, असं म्हटल्यावर ते थोडे रागावले. त्यांनी आयुष्यात लावलेल्या एकाही दाराबद्दल ही तक्रार आलेली नव्हती.

कुणीतरी म्हणालं, खामगावच्या कापसाने फट भरा. लोक हसले, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. लाकडी गलबतांच्या फळ्यांमधल्या सांधी खरोखरच तेलात भिजवलेल्या कापसाने ठासून भरत. जलंब-खामगाव हा रेल्वेचा फाटा 1870 साली मुख्यतः कापूस न्यायलाच सुरू झाला, व्हाइसरॉय लॉर्ड मेयो उद्‌घाटनाला आले होते. तो कापूस मुंबईला जाऊन जहाजात चढायचा. त्यातला चिमूटभर जहाजाच्या अंगातही गेला असेल, असं मला उगीच वाटत राहतं. मी हे सभेत सांगितलं. त्यावर बराच वेळ कापसाच्या भावाची चर्चा झाली आणि झाकण बाजूला राहिलं.

शेवटी काम गेलं फायबरवाल्याकडे. हा तरुण मनुष्य कूलरच्या टाक्या, पाण्याच्या टाक्या आणि गणपतीच्या कमानी करतो. फायबरची बोट, फायबरचा माणूस, जुळलं. फक्त एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. टाकी करणाऱ्या माणसाची सगळी विद्या पाणी आत राखण्याची असते.

त्याने पहिला हात मात्र अस्सल घातला. खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलं आणि झाकणावर इंचाइंचाने वाजवत गेला. आठवडी बाजारात माठ घेताना बायका जशा कानाशी नेऊन टिचक्या मारतात तसा, एक कान खाली करून. मधोमध खणखणीत ‘टण्‌ टण्‌’. कडेला सरकला तसा आवाज ‘बद बद’. जिथे आवाज बसला तिथे खडूने खूण. खडू माझा. थोड्या वेळाने खुणा जोडल्यावर झाकणाच्या निम्म्याहून जास्त भागावर बद्दचं राज्य आहे हे दिसलं. फक्त कोपऱ्याला चीर आहे असं आम्ही धरून चाललो होतो.

असं झाकण म्हणजे एकसंध फायबर नसतं. वर फायबरचा थर, खाली फायबरचा थर, आणि मध्ये प्लायवूड. दोन पातळ थरांमध्ये लाकूड धरलं की ते ताठ राहतं, वर माणूस उभा राहिला तरी लवत नाही आणि वजनही आवाक्यात राहतं. बिजागरीचे स्क्रू या तिन्ही थरांतून जातात. स्क्रू उपटला की भोक उघडं पडतं, भोकातून पाणी प्लायवूडला मिळतं, आणि प्लायवूड ते सोडत नाही. वरून झाकण ठणठणीत, पोटात पाणी. माणसांतही असे पुष्कळ भेटतात, पण ते असो.

ग्राइंडरने वरचा थर कापून उचलला आणि जो वास आला त्याने प्रेक्षक दोन पावलं मागे सरले. आतलं प्लायवूड काळंठिक्कर झालं होतं. बोटांनी चिमटीत धरलं की पापुद्रे सुटत आणि दाबलं की पाणी येई. मे महिना, काठावरच्या बोअरने हवा ओकायला सुरुवात केलेली, आणि इथे झाकणाच्या पोटातून लाकूड पिळून पाणी निघतंय. एक आजोबा गंभीरपणे म्हणाले, “पाह्य बाप्पा, कुठं कुठं लपून बसते ते.” त्यांच्या स्वरात झाकणाबद्दल हळहळ नव्हती, शोध लागल्याचा आनंद होता. मला तर शंका आली, आता इथे मंडळी पूजा मांडून बोअर घेतात की काय.

कापताना उडालेली फायबरची धूळ अंगाला लागली की खाज सुटते. काचेचे बारीक तंतू ते. धुवायला पाणी भरपूर लागतं, चोळलं की आणखी आत जातात. प्रेक्षकांपैकी चार-पाच जण घरी जाऊन रात्रभर खाजवत बसले. त्यांतल्या एकाच्या आईने खाजकुइलीचं निदान करून, कुठल्या शेतात गेलता म्हणून त्याला झोडपलं. दुसऱ्या दिवशी प्रेक्षक निम्म्यावर आले आणि कामाला वेग आला.

नवीन प्लायवूड कोणतं आणायचं? इथे माझं इंग्रजी कामाला आलं. पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडवर ‘आय. एस. 710’ असा भारतीय मानकाचा शिक्का असतो. त्याच्या कसोटीत तुकडा 72 तास पाण्यात उकळतात, आणि तरी थर सुटले नाहीत तर पास. दुकानदार म्हणाला, शिक्का पुसला गेला असेल, माल तोच आहे. मामा म्हणाले, “मंग द्या एक तुकडा. शिजवून पाह्यतो.” आणि मामा बोलले की करतात. पुढच्या गल्लीत लग्न होतं, आचाऱ्याच्या चुली पेटलेल्याच होत्या. दुकानदाराला हा रोख दिसताच आतल्या गोदामात शिक्का न पुसलेला माल सापडला.

आता रेझिन. हा या कामाचा गाभा आणि मे महिन्याचा शत्रू. पॉलिएस्टर रेझिन मधासारखं वाहतं—नाही, मधाची उपमा दुकानदाराची. माझ्या नाकाला तरी त्याचा मधाशी काही संबंध वाटला नाही. त्यात आधी जांभळा कोबाल्ट घालून ढवळायचा आणि अगदी शेवटी पाण्यागत दिसणारा हार्डनर, शेकडा एक-दोन भाग. मग ते आपोआप तापतं आणि दगड होतं. कोबाल्ट आणि हार्डनर हे दोघे एकमेकांना थेट कधीही भेटवायचे नाहीत. भेटले तर भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. रेझिनच्या मध्यस्थीनेच भेट. डब्यावरचं हे मी मोठ्याने वाचून दाखवलं. मामा म्हणाले, “म्हंजे आमचे दोघं साडू.”

डब्यावर लिहिलेला वेळ 25 अंशांचा असतो. 25 अंश आम्ही डिसेंबरात पाहतो. बेचाळीस अंशांत रेझिनला दम निघत नाही. फायबरवाल्याने पहिली बादली ठरल्या प्रमाणाने कालवली, ब्रश शोधला, ब्रश कुठे ठेवला म्हणून पोराला विचारलं, पोराने दुसऱ्या पोराला विचारलं, आणि ब्रश सापडेपर्यंत बादलीतून धूर निघाला. काठीसकट सगळा गोळा. प्लॅस्टिकची बादली एका अंगाला वितळून वाकली. आता ती मामांच्या अंगणात आहे आणि तिच्यावर बसता येतं.

यामागचं विज्ञान सोपं आहे. खोल भांड्यात रेझिनची उष्णता आतच कोंडते, ती रेझिनला आणखी घाई करते, घाईने आणखी उष्णता. तेच रेझिन पसरट परातीत थोडं थोडं कालवलं तर उष्णता निघून जाते आणि हाताला उसंत मिळते. तेव्हा ठरलं : परात, हार्डनर कमी, आणि काम पहाटे. परात द्यायला मात्र घरातून कुणी तयार होईना. मामींनी ‘पुन्हा पोळ्या करता येतील का?’ एवढाच प्रश्न विचारला. उत्तर नाही असल्यामुळे विषय मिटला आणि सिमेंट कालवायचं घमेलं आलं.

पहाटेचं काम मात्र देखणं झालं. अंधुक उजेडात घमेल्यातलं रेझिन, त्यात भिजणारी काचतंतूंची पांढरी मॅट. कोरडी असताना कापडाची वाटते, रेझिन प्यायली की काचेची होते, खालचं लाकूड दिसायला लागतं. फायबरवाला रोलर फिरवून हवेचे बुडबुडे काढत होता, एक एक, कडेपर्यंत हाकत नेऊन. बुडबुडा राहिला तर उद्या तिथेच पाणी शिरणार. या वेळी तो बोलत नव्हता आणि त्याच्याशी कुणी बोलतही नव्हतं. बिजागरीच्या स्क्रूची भोकंही त्याने मी सांगितल्याप्रमाणे केली : आधी मुद्दाम मोठी पाडली, ती रेझिनच्या लगद्याने गच्च भरली, आणि मग त्या भरावात बारीक भोक. आता स्क्रू ढिला झाला तरी पाण्याची गाठ लाकडाशी पडणार नाही. “सर, झाकणाले भोक म्हंजे पाण्याले निमंत्रण,” हे वाक्य त्याने इतक्या वेळा म्हटलं की टपरीवरची पोरंही ते एकमेकांना ऐकवू लागली.

इथवर सगळं ठीक होतं. मग त्याच्यातला टाकीवाला जागा झाला.

डेकवरच्या भोकाला चारी बाजूंनी उंबरा असतो, झाकण त्यावर बसतं. उंबऱ्याभोवती बारीक पन्हळ असते आणि पन्हळीला दोन कोपऱ्यांत भोकं. झाकणाच्या कडेने चुकून आलेलं पाणी पन्हळीत पडतं आणि भोकांतून बाहेर जातं. फायबरवाल्याने ती भोकं पाहिली. भोक पाहिल्यावर टाकीवाल्याचा हात थांबत नाही. त्याने दोन्ही भोकं बुजवून, घासून, वरून रंगाचा हातही मारला. इतकंच नाही, खणाला आतून असा गुळगुळीत लेप दिला की त्यात पाणी भरलं असतं तर दिवाळीपर्यंत टिकलं असतं. मामांनी खणात हात फिरवला आणि शांतपणे म्हणाले, “दादा, पाणी आत राहू द्याचं नाई, आत येऊच द्याचं नाई.” तो बिचारा गोंधळला. “मंग आलंच तं?” “आलं तं जाऊ द्याचं.” “आलेलं पाणी जाऊ द्याचं?” त्याच्या तोंडावरचा धक्का खरा होता. येळगावच्या धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाण्याचा जोर झाला की आपले आपण उघडतात, तेव्हाही आमच्या भागात काही लोकांना असंच वाईट वाटतं.

भोकं पुन्हा पाडली गेली. उंबऱ्याच्या उंचीवर दोन दिवस वाद चालला. मोठ्या जहाजांसाठी 1966 चा आंतरराष्ट्रीय भारजलरेषा करार आहे; त्यात उघड्या डेकवरच्या अशा उंबऱ्याची उंची ठरवून दिली आहे, जागेप्रमाणे 600 किंवा 450 मिलिमीटर. मी हे सांगायला नको होतं. सहाशे मिलिमीटर म्हणजे दोन फूट! वेल्डर मंडळी लगेच दोन फुटांच्या बाजूची झाली. दोन फुटांचा उंबरा ओलांडून खणात हात घालणार कसा, हे मामांनी रिकाम्या ड्रमवर करून दाखवलं, आणि चार इंच मंजूर झाले. चोखासागरावर अटलांटिकची लाट येत नाही.

झाकणाचा विषय जगाने मात्र गंभीरपणे घेतलेला आहे, आणि त्याला कारण आहे. ‘डर्बिशायर’ नावाचं प्रचंड ब्रिटिश मालवाहू जहाज 1980 च्या सप्टेंबरात जपानजवळ वादळात बुडालं. 44 माणसं गेली. तळाशी पडलेल्या अवशेषांची पाहणी झाल्यावर आधी असा निष्कर्ष निघाला की नाळेकडच्या एका कोठीचं छोटं झाकण खलाशांनी नीट बांधलं नव्हतं. पुढे 2000 साली फेरचौकशीने खलाशांवरचा तो ठपका पुसून टाकला : डेकवरच्या हवेच्या नळांमधून पाणी आत गेलं, नाळ खाली दबली आणि मालाच्या खणाचं मोठं झाकण लाटांनी फोडलं. मेलेल्या माणसांच्या घरच्यांनी त्यासाठी वीस वर्षं झगडा केला. झाकणाबाबतचा पहिला आरोप नेहमी ते शेवटी कुणी लावलं त्याच्यावर येतो, मग ते जहाज असो की दुधाचं पातेलं.

मोठ्या जहाजांची झाकणं तपासायची एक रीत ही माहिती शोधताना मला सापडली आणि माझा ऊर भरून आला. उंबऱ्याच्या कडेवर खडू फासतात, झाकण लावतात, पुन्हा उघडतात. झाकणाच्या रबरावर खडूची रेघ सलग उठली तर बरोबर. जिथे तुटली तिथे पाणी जाणार. आयुष्यभर खडू फासला, पण त्याचा दर्याशी संबंध आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. शाळेतून अख्खी पेटी नेली.

रबर म्हणून ट्रॅक्टरच्या ट्यूबची पट्टी लावली होती. खडूची रेघ तीन बाजूंना झकास उठली. चौथ्या बाजूला वितभर गायब. ट्यूबच्या पंक्चरचं जुनं ठिगळ नेमकं तिथे होतं. ठिगळाने झाकण उचलून धरलं होतं आणि त्याच्या दोन्ही अंगांना फट राहिली होती. पट्टी बदलली, रेघ सलग आली. मामांनी रेघेकडे पाहून विचारलं, “पास?” मी म्हणालो, “लेखी पास. तोंडी बाकी.”

तोंडी म्हणजे पाण्याची परीक्षा. जहाजांवर नळीने जोरात पाणी मारतात आणि आत माणूस बसून गळतं का पाहतो. आता मे महिन्याचा शेवटचा आठवडा, नळ आठवड्यातून एकदा येणारा, आणि आम्ही काय करणार, तर चांगलं पाणी झाकणावर मारणार, ते आत जात नाही हे पाहण्यासाठी. नळी काढल्याबरोबर बातमी पसरली. शेजारच्या वस्तीतल्या बायका कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. एक आजी म्हणाल्या, “सर, तुमी शिकलेले. पाणी झाकणावर ओतता?” मी जहाजबांधणीतला नियम सांगितला. त्या म्हणाल्या, “मंग जहाजवाल्याईले म्हणा, मे महिन्यात या इकडं.”

काहींचं म्हणणं, पावसापर्यंत थांबा. भेंडवळच्या घटमांडणीचा हवाला निघाला. अक्षय तृतीयेला तिथे शेतात घट मांडतात, चार महिन्यांची चार ढेकळं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणतं ढेकूळ किती भिजलं यावरून पाऊस सांगतात. विज्ञानवाले त्याला मान देत नाहीत, मी पण वर्गात देत नाही. पण जूनचं ढेकूळ यंदा कमी भिजलं होतं हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं, मलाही. थांबण्यात अर्थ नव्हता.

तोड काढली कापूसवाल्यांनी. फवारणीचा पाठीवरचा पंप! सोळा लिटर पाणी, बॅटरीचा दाब, बारीक पण जोरदार धार. नवा कोरा पंप निवडला, कारण खणात मामांचा नातू बसणार होता आणि औषधाचा वास लागलेला चालणार नव्हता. खाली पन्हळीच्या भोकांना घमेली लावली, म्हणजे पडलेलं पाणी गाईगुरांना जाईल. आजींनी या अटीवरच परवानगी दिली. नातू बॅटरी आणि कोऱ्या वहीचा कागद घेऊन आत शिरला. झाकण लागलं. पंप सुरू झाला. कडेकडेने धार फिरली, कोपऱ्यांवर थांबली, बिजागऱ्यांवर थांबली. आतून आवाज आला, “गरम होऊन राह्यलं!” आणखी थोडी धार. झाकण उघडलं. नातू नखशिखांत ओला.

फायबरवाल्याचं तोंड उतरलं. मी कागद मागितला. कोरडा ठणठणीत. बेचाळीस अंशांत, बंद खणात, वर झाकण. पोरगं घामाने निथळत होतं. सोळातला एक थेंब आत गेला नव्हता. घमेल्यांतलं पाणी मोजून आजींच्या गाईला मिळालं. फायबरवाल्याने त्या दिवशी टपरीवर सगळ्यांचा चहा दिला आणि आपल्या पाटीवर ‘टाकी, कूलर, कमान’ यांच्यापुढे ‘बोट’ असा शब्द चढवला.

रंग वाळायला दोन दिवस दिले. तिसऱ्या दिवशी धरणावर गेलो तर मामा झाकणावर उकिडवे बसलेले, हातात ड्रिल मशीन, आणि झाकणाच्या बरोबर मधोमध रुपयाएवढं आरपार भोक. भोकाच्या कडेला नव्या प्लायवुडचा पांढुरका भुसा. फायबरवाला शेजारी उभा होता. त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

“मामा! हे काय केलं?”

मामांनी काळ्या कापडाची मोठी छत्री उचलली, तिचा दांडा भोकात बसवला, हलवून पाहिला आणि सावलीत सरकून बसले.

“पाण्याचं तुमी पाह्यलं, सर. उन्हाचं कोण पाह्यल?”